हिरव्या रेषेचं वेड

माझ्या बेडरूममध्ये सध्या सात मशिन्स आहेत. त्यातलं एकही गाणी वाजवत नाही, एकही हवा थंड करत नाही आणि एकावरही वेब सिरीज दिसत नाही. मग ती करतात काय? मोजतात. बस्स! व्होल्ट मोजतात, ॲम्पिअर मोजतात, ओहम मोजतात, सेकंदाला किती वेळा काय हललं ते मोजतात. आणि खरं सांगायचं तर त्यातली तीन सध्या तेही करत नाहीत, कारण ती बंद पडलेली आहेत.

‘तुला यातून मिळतं काय?’ हा प्रश्न मला आईनं, रूममेटनं, घरमालकांनी आणि मध्यंतरी बघायला आलेल्या एका आयटीवाल्या स्थळानं विचारून झालाय. (हो, कांदेपोहे अजूनही होतात. आमच्याकडे तरी.) आईला सांगितलं, सोनं घेत नाही ना, मग गप्प बस. रूममेटला सांगितलं, तू नाही का नेलपॉलिशच्या चाळीस बाटल्या जमवल्यास? स्थळाला काही सांगितलं नाही, कारण तोपर्यंत त्याची नजर शो-केसच्या बाजूला ठेवलेल्या वायरींवर खिळली होती आणि त्याचा निर्णय झालेला होता.

विंटेज म्हटलं की आपल्याला रेडिओ आठवतात, ग्रामोफोन आठवतात, फिल्मचे कॅमेरे, येझदी नि बजाज प्रिया आठवतात. त्यांना ग्लॅमर असतं. टेस्ट इन्स्ट्रुमेंट्स म्हणजे या सगळ्यांच्या बॅकस्टेजची माणसं. रेडिओ बिघडला की दुरुस्त करणाऱ्याच्या टेबलावर जे काही मांडलेलं असायचं ना, ते. मल्टीमीटर, ऑसिलोस्कोप, सिग्नल जनरेटर. नाटक संपल्यावर लाइटवाल्याला कोण टाळ्या वाजवतं? मला मात्र कॉलेजपासून विंगेतच जास्त मजा यायची. असो.

या भानगडीत मी पडले ती पोटापाण्यासाठी. फ्रीलान्सर माणूस! एका पुरवणीसाठी जुन्या बाजारावर फीचर करायचं होतं. मंगळवार पेठेतला जुना बाजार पुणेकरांना सांगायला नको, रविवारी आणि बुधवारी भरतो. आठशे शब्द हवे होते, आणि त्याचं पेमेंट यायला पुढे पाच महिने लागले, पण तो वेगळा विषय. तर तिथं नळाच्या तोट्या आणि मिक्सरची भांडी यांच्या मधोमध एक डबा पडला होता. छोट्या टीव्हीएवढा. पुढे तळहाताएवढा पडदा, त्यावर आलेखाच्या वहीसारख्या चौकटी, आणि बाजूला बटणं नि नॉब यांची नुसती जत्रा. विक्रेता म्हणाला, “डॉक्टरचा टीव्ही आहे मॅडम, हार्टवाला.” बाराशे सांगितले, सातशेला दिला. वर एक तोटी फ्री.

तो हार्टवाला टीव्ही नव्हता. तो होता ऑसिलोस्कोप. जर्मन हामेगच्या डिझाइनवर इंदूरला तयार झालेला, २० मेगाहर्ट्‌झचा. तुमच्यापैकी जे इंजिनिअरिंगवाले आहेत त्यांनी लॅबमध्ये हाच डबा पाहिला असणार आणि प्रॅक्टिकलला ‘सर, वेव्ह येत नाहीये’ म्हणून रडले असणार. बाकीच्यांसाठी थोडक्यात फंडा सांगते. वीज डोळ्यांना दिसत नाही. ऑसिलोस्कोप ती दाखवतो. आतल्या काचेच्या नळीत मागून इलेक्ट्रॉनचा बारीक झोत सुटतो, पडद्यावर आदळतो आणि तिथं हिरवा ठिपका उमटतो. एक सर्किट त्या ठिपक्याला डावीकडून उजवीकडे एकाच वेगानं पळवतं, ही झाली वेळ. दुसरं सर्किट तपासायच्या सिग्नलप्रमाणे त्याला वर-खाली हलवतं, हा झाला व्होल्टेज. दोन्ही मिळून पडद्यावर चित्र तयार. कार्ल फर्डिनांड ब्राउन या जर्मन शास्त्रज्ञानं १८९७ मध्ये अशी नळी पहिल्यांदा बनवली. आपल्या घरातले जुने डबा टीव्ही तिचेच वंशज.

माझा डबा अर्थातच बंद होता. पडदा काळा ठिक्कर.

बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत मी एक कंडेन्सर शोधत होते. म्हणजे नेटवर कुणीतरी म्हटलं होतं की कंडेन्सर गेला असेल, म्हणून मी काउंटरवर उभी राहून ‘कंडेन्सर द्या’ म्हणत होते. दुकानदार विचारत होता, कुठला? मी म्हणत होते, निळा. माझ्यामागे उभे असलेले एक काका हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. त्यांनी फोनवरचा फोटो पाहिला आणि विचारलं, “हा तू उघडलास?” मी हो म्हटलं. “प्लगमधून काढून किती वेळानं?” “लगेच.” काका म्हणाले, “रविवारी घेऊन ये. आणि तोपर्यंत हात लावू नकोस.”

त्यांचं कारण मला नंतर कळलं. या पडद्याच्या मागे दोन हजार व्होल्ट असतात. प्लग काढला तरी आतले कंडेन्सर चार्ज धरून बसतात. काका चौतीस वर्षं पिंपरीच्या एका कंपनीत कॅलिब्रेशन डिपार्टमेंटला होते. म्हणजे इतरांची मोजायची यंत्रं बरोबर मोजतात का, हे मोजायचं. त्यांच्याकडे गेल्यावर पहिलं काम म्हणजे अंगठी, घड्याळ, बांगडी दारातल्या वाटीत काढून ठेवायची. दुसरा नियम, चालू मशिनमध्ये एकच हात, दुसरा पाठीमागे. दोन्ही हात आत असले आणि शॉक बसला तर करंट एका हातातून दुसऱ्या हातात जाताना छातीतून जातो. “वाटेत काय लागतं ते तुम्हा आर्ट्‌सवाल्यांना पण माहीत असेल,” काका म्हणाले.

मला वाटलं होतं, आता ते मीटर काढतील. काढलं नाही. “आधी डोळे, मग नाक, मग कान. मीटर सगळ्यात शेवटी.” फुगलेला, गळलेला, काळवंडलेला पार्ट दिसतो का? जळका वास येतो का? मग त्यांनी भिंतीवरून उतरवला सिरीज बोर्ड. हा आपल्याकडच्या कुठल्याही वायरमनकडे असतो. मशिनच्या वाटेत एक साधा पिवळा बल्ब लावायचा आणि मग स्विच टाकायचा. बल्ब भसकन पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे, आणि तरीही मशिन जळत नाही, कारण जास्तीचा करंट बल्ब अडवून धरतो. बल्ब क्षणभर पेटून मंदावला तर पुढे जायला हरकत नाही. इतकी वर्षं आपल्या नाकासमोर असलेली इतकी हुशार गोष्ट! बाजारात एलईडी आल्यापासून काकांनी साधे बल्ब साठवून ठेवलेत, कपाटात, काकूंच्या पैठणीच्या खाली.

आमचा बल्ब मंदावला. मग कुठे नाशिकचा मोटवानेचा काटेवाला मल्टीमीटर बाहेर आला. पहिल्यांदा पॉवर सप्लाय तपासायचा, कारण घरात पाणीच नसेल तर नळ बघून काय उपयोग? एका ठिकाणी व्होल्टेज पडलेला मिळाला. तिथला इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर आतून वाळला होता. त्यात ओलसर द्रावण असतं, आणि वर्षानुवर्षं उष्णतेनं ते सुकतं. जुन्या यंत्रांचं हे सगळ्यात कॉमन दुखणं. नवा कंडेन्सर पंचवीस रुपयांना आला. काकांनी सोल्डरिंग आयर्न माझ्या हातात दिलं, आणि तेव्हा माझं लक्ष त्यांच्या बोटांकडे गेलं. उजवा हात थरथरत होता. थोडा नाही, चांगलाच. “पार्किन्सन्स,” ते म्हणाले, ‘पाऊस येणारसं दिसतंय’ म्हणावं तशा सुरात. “तू लाव. मी सांगतो.”

लावला. स्विचमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनर मारून प्रत्येक नॉब वीस-वीस वेळा फिरवला, गंज मोडायला. पुन्हा चालू केला. दहा-बारा सेकंद काहीच नाही. आणि मग पडद्याच्या मधोमध एक बारीक, हिरवी, सरळ रेषा उमटली.

तुम्हाला हसू येईल, पण मी ओरडले. खालच्या मजल्यावरून विचारणा झाली.

त्यानंतर दर रविवार काकांकडे. त्यांच्याकडे साठाच्या वर यंत्रं होती, आणि प्रत्येकाची एक स्टोरी. काकूंचे पोहे आणि काकांचे किस्से हा माझा वीकेंड. काही किस्से इतके भारी की मी मित्रमैत्रिणींना सांगत सुटले. उदाहरणार्थ एचपी. आपल्याला एचपी म्हणजे लॅपटॉप नि प्रिंटर. पण बिल ह्युलेट आणि डेव्ह पॅकार्ड यांनी १९३९ मध्ये पालो आल्टोच्या गॅरेजमध्ये कंपनी सुरू केली ती ऑडिओ ऑसिलेटर विकायला. एका ठरावीक सुराचा शुद्ध सिग्नल देणारं यंत्र. अडचण अशी की असा सूर स्थिर ठेवणं महा कठीण, तो एक तर वाढत जाऊन फाटतो नाही तर विझतो. ह्युलेटनं काय केलं? सर्किटमध्ये एक छोटासा बल्ब टाकला. सिग्नल वाढला की बल्बची तार तापते, तापली की तिचा रेझिस्टन्स वाढतो, आणि सिग्नल आपोआप खाली येतो. खल्लास! बाकीच्या कंपन्यांची अशी यंत्रं दोनशे डॉलरच्या वर होती, यांचं ५४ डॉलर ४० सेंट. डिस्नेनं ‘फँटेशिया’ या १९४० च्या सिनेमासाठी त्याच्या पुढच्या मॉडेलचे आठ नग घेतले. आणि मला सर्वांत आवडलेली गोष्ट, पहिल्याच मॉडेलला त्यांनी नंबर दिला ‘२००ए’. कंपनी नवीकोरी आहे असं गिऱ्हाइकाला वाटू नये म्हणून! मी आयुष्यातलं पहिलं इन्व्हॉइस पाठवलं तेव्हा त्यावर नंबर टाकला होता १०१. त्यामुळे ही माणसं मला घरची वाटतात.

काकांचा लाडका मात्र एव्हीओ. ब्रिटिश पोस्ट ऑफिसमधल्या डोनाल्ड मॅकेडी या इंजिनिअरला ॲम्पिअर, व्होल्ट आणि ओहम मोजायला वेगवेगळी यंत्रं वागवायचा कंटाळा आला, म्हणून १९२३ मध्ये तिन्ही एकात आली. तिन्हींची आद्याक्षरं म्हणजे एव्हीओ. त्याचं ‘मॉडेल ८’ १९५१ मध्ये आलं आणि २००८ पर्यंत विकलं जात होतं. सत्तावन्न वर्षं एकच मॉडेल, आपला फोन दोन वर्षांत म्हातारा होतो! काळा, जड, चामड्याच्या पट्ट्याचा. चुकीच्या रेंजवर जास्त करंट दिला तर एक बटण टक्कन वर उडतं आणि काटा वाचतो. फक्त त्याला एक पंधरा व्होल्टची बॅटरी लागते, ती सहज मिळत नाही. उपाय सोपा आहे, तीन व्होल्टचे पाच बटण सेल एकावर एक. तो जुगाड मी स्वतः केलाय आणि त्याचा मला पहिल्या बायलाइनपेक्षा जास्त अभिमान आहे.

आणि मग टेक्ट्रॉनिक्स. या छंदातले लोक हे नाव देवाचं घ्यावं तसं घेतात. १९४६ मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंडला हॉवर्ड व्हॉलम आणि जॅक मर्डॉक यांनी सुरू केलेली कंपनी. १९४७ च्या त्यांच्या ५११ मॉडेलचं वैशिष्ट्य होतं ट्रिगर. त्याआधीच्या बहुतेक स्कोपमध्ये ठिपका आपल्याच नादात पळत राहायचा आणि चित्र पडद्यावरून सरकत जायचं, मग नॉबशी झटापट करत ते धरून ठेवा. पथकात ताशाचा इशारा न ऐकता जो-तो वाटेल तेव्हा ढोल बडवायला लागला तर कसं होईल, तसं. ट्रिगर म्हणजे तो ताशा. सिग्नल ठरलेल्या जागी आला की मगच ठिपका सुटतो, दरवेळी त्याच जागी. चित्र स्थिर.

काकांकडे व्हॉल्व्हचा ५४५ होता. एका संशोधन संस्थेच्या लिलावातून आलेला, जवळजवळ तीस किलोचा. त्याचं कव्हर उघडलं तेव्हा मी दोन मिनिटं गप्प होते, आणि मला ओळखणाऱ्यांना हे किती दुर्मीळ आहे ते कळेल. आत सगळं पांढऱ्या सिरॅमिकच्या पट्ट्यांवर ओळीनं सोल्डर केलेलं. त्या पट्ट्यांच्या खाचांना चांदीचा मुलामा असतो आणि साध्या सोल्डरनं पुन्हा पुन्हा काम केलं तर तो निघून येतो. म्हणून कंपनीनं आतच, कोपऱ्यात, चांदी मिसळलेल्या सोल्डरचं एक छोटं रीळ बसवून दिलंय. म्हणजे यंत्र विकतानाच त्यांना माहीत होतं की कधीतरी कुणीतरी हे दुरुस्त करायला बसेल. कोण, कुठला, माहीत नाही, पण त्याच्यासाठी शिदोरी ठेवलेली.

मॅन्युअलचंही तेच. प्रत्येक भागाचं काम काय, तो बिघडला तर पडद्यावर काय दिसेल, कुठल्या पॉइंटला किती व्होल्ट हवेत, सगळं साध्या छोट्या वाक्यांत. मास कॉमच्या दोन वर्षांत ‘क्लॅरिटी’ या शब्दावर मी किती नोट्‌स काढल्या असतील! त्या सगळ्यांपेक्षा टेक्ट्रॉनिक्सचं एक मॅन्युअल भारी आहे.

एक गोष्ट स्पष्ट सांगते. तुम्हाला खरोखर काही मोजायचं असेल तर या वाटेला जाऊ नका. नवा डिजिटल स्कोप घ्या, हातात मावतो, चित्र सेव्ह करतो, लाइटबिल वाढवत नाही. ५४५ पाचशेएक वॉट खातो आणि खोली तापवतो. जुनी यंत्रं वयानं सरकतात, त्यांचं कॅलिब्रेशन पुन्हा पुन्हा करावं लागतं. ‘जुनं ते सोनं’ म्हणणाऱ्यानं एकदा पावसाळ्यात चढलेली बुरशी कानकाडीनं काढून दाखवावी.

गेल्या वर्षी काकांची सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली. तुमच्या-माझ्या ओळखीत प्रत्येकाची जातेच आहे. करार झाला, भाड्याचे पैसे ठरले, तारीख मिळाली. तीन वर्षं सिंहगड रोडला वन बीएचके. साठ यंत्रं आणि वन बीएचके? मुलगा अमेरिकेत, तो फोनवर म्हणाला, “बाबा, देऊन टाका ना.” कुणाला, ते त्यालाही माहीत नव्हतं. काकू काहीच बोलल्या नाहीत. त्यांनी चाळीस वर्षं त्या डब्यांवरची धूळ पुसली होती, त्यांनी बोलायला हवं होतं असं मला वाटतं.

आम्ही कॉलेजांना विचारलं. एका ठिकाणच्या लॅबवाल्या सरांना मनापासून हवी होती, पण घेतलं की डेड स्टॉक रजिस्टरला चढवावं लागतं, आणि एकदा चढवलेलं उतरवायला तीन सह्या लागतात. दुसरीकडे जागा नव्हती. जिम विल्यम्स नावाचा एक नामी अमेरिकन ॲनालॉग इंजिनिअर होता, जुन्या टेक्ट्रॉनिक्सचा वेडा. २०११ मध्ये तो गेल्यावर त्याचं कामाचं टेबल होतं तसं, पसाऱ्यासकट, कॅलिफोर्नियाच्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियमनं प्रदर्शनात मांडलं. ओरेगॉनमध्ये तर टेक्ट्रॉनिक्सच्या जुन्या यंत्रांचं स्वतंत्र म्युझियम आहे, स्वयंसेवक चालवतात. काकांच्या टेबलाजवळ आला तो भंगारवाला. त्यानं स्कोप उचलून पाहिला आणि ट्रान्स्फॉर्मरमध्ये तांबं किती निघेल एवढंच विचारलं. त्याचा राग येऊन उपयोग नव्हता, त्याचा तो धंदाच आहे.

मग एका रविवारी काकांनी खडू घेतला. यंत्रांवर तीन खुणा. फुली म्हणजे पार्टसाठी मोडायचं. गोल म्हणजे द्यायचं. बरोबरची खूण म्हणजे बरोबर न्यायचं. हात थरथरत असल्यामुळे फुली कुठली आणि बरोबर कुठलं ते नीट कळत नव्हतं, म्हणून खडू मी घेतला आणि काका बोलत गेले. “फुली.” “फुली.” “गोल.” एका ठाण्याच्या ॲपलॅबच्या पॉवर सप्लायपाशी ते बराच वेळ थांबले. मी खडू धरून उभी. शेवटी म्हणाले, “चहा घेऊ.”

बरोबरची खूण पाच यंत्रांना मिळाली, त्यात एव्हीओ. गोलवाली आम्ही दोन महिने वाटत होतो. तपकीर गल्लीतल्या दोन दुकानदारांनी घेतली, एका डिप्लोमाच्या पोरानं स्कूटरवरून चार फेऱ्या मारल्या. फुलीवाल्यांतून आम्ही नॉब, व्हॉल्व्ह, मीटरचे काटे, स्विच काढून श्रीखंडाच्या डब्यांमध्ये भरले, वर नावं लिहिली. उरलेल्या पत्र्याचं वजन झालं. काका त्या दिवशी मुद्दाम बँकेत गेले होते.

५४५ वर कुठलीच खूण नव्हती. “तो तुझ्याकडे,” काका म्हणाले. मी तिसऱ्या मजल्यावर राहते, लिफ्ट नाही. रूममेट, तिचा मित्र आणि मी, तिघांनी प्रत्येक लँडिंगवर टेकवत वर आणला. नेलपॉलिशवरचे जोक मी आता करत नाही.

तुम्हाला सुरुवात करावीशी वाटत असेल तर तीस किलोनं करू नका. काटेवाला मल्टीमीटर घ्या, जुन्या बाजारात मिळतो. उघडून आतला गळलेला सेल काढा, टोकांवरचा हिरवा गंज व्हिनेगरनं पुसा, नवा सेल घाला. काटा हलला की मला सांगा. पडदा असलेलं काहीही मात्र एकट्यानं उघडू नका. तुमच्या गल्लीत एखादे रिटायर्ड काका असतीलच, आधी त्यांना शोधा.

५४५ अजून पूर्ण चालू नाही. मागच्या महिन्यात सिरीजला एका बल्बनं भागेना म्हणून चार बल्ब शेजारी-शेजारी लावून त्याला हळूहळू जागा केला. दोन कंडेन्सर बदलले. ते रीळ आहे तसंच ठेवलंय, चांदीचं सोल्डर बाहेरून मागवलं. परवा रात्री थेट मेन्सवर लावला. व्हॉल्व्ह केशरी झाले, अर्ध्या मिनिटानं आतला रिले टक्कन वाजला, पंखा घरघरायला लागला. पडद्यावर अजून रेषा नाही. काकांना व्हिडिओ कॉल केला, पण नेटवर्कमुळे त्यांना चित्रच दिसेना.

“राहू दे,” काका म्हणाले, “फोन मागे धर, पंख्याजवळ.”

धरला.

“बेअरिंगला तेल घाल आधी.”